भूलोकमल्लाच्या गावी, त्रिपुरांत तळ्याकाठी

सोलापूरहून हैदराबादकडं निघालेली मराठी मंडळी उमरगा मागं पडलं की डोळे मिटून घेतात. जेवण नळदुर्गाला उरकलेलं असतं आणि पुढचा थांबा एकदम जहिराबादला, असं मनात ठरलेलं असतं. मधेच कधीतरी राज्याची हद्द जाते, पाट्यांवरची अक्षरं गोलगोल होतात आणि सस्तापूर बंगला नावाचा फाटा येतो. गाड्या तिथं फारशा थांबत नाहीत. फाट्यावरून डावीकडं वळलं की थोड्याच अंतरावर बसवकल्याण लागतं. आज ते बिदर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. अकराव्या-बाराव्या शतकात जवळजवळ सगळ्या दख्खनचा कारभार इथून चालायचा.

मराठवाड्यातली जुनी माणसं अजून त्याला नुसतं ‘कल्याण’ म्हणतात. मुंबईकडच्या माणसाला ते ऐकून भलतंच स्टेशन आठवतं, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांनी ‘कल्याणी’ हे नाव धरलं. बसवकल्याण हे अधिकृत नाव १९५६ पासूनचं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडलं आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद आणि त्यांच्याबरोबर कल्याणही म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र कुणी वाटून घेतल्या नाहीत. त्यामुळं इथल्या बाजारात गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं, दुकानदार कानडीत नोकराला हाक मारतो आणि घासाघीस दख्खनीत पुरी होते. मराठी माणसाला इथं भाषेची अडचण येत नाही. येते ती वेगळीच: तळं, किल्ला, बसवेश्वरांचा भव्य पुतळा बघून झाला की दोन तासांत ‘आता काय?’ असं होतं आणि गाडी हैदराबादच्या वाटेला लागते.

‘आता काय?’ या प्रश्नाचं उत्तर नऊशे वर्षांपूर्वी याच गावच्या राजानं लिहून ठेवलं आहे. चालुक्यांच्या गादीवरचा तिसरा सोमेश्वर, बिरुद ‘भूलोकमल्ल’. राज्य करण्यात बापाच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या, पासंगालाही पुरला नाही. पण खाण्यापिण्यात, हिंडण्याफिरण्यात आणि ते सगळं नीट टिपून ठेवण्यात त्याचा हात धरणारा राजा सापडणं कठीण. ११२९च्या सुमाराला त्यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. पहिल्या दोन भागांत राज्य मिळवणं आणि टिकवणं. उरलेल्या तीन भागांत राजानं जेवावं काय, न्हावं कसं, मन कशात रमवावं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनं श्रीगोंडेकरांच्या संपादनाखाली हा ग्रंथ छापायला घेतला आणि पहिला खंड १९२५ साली काढला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो वेगळ्याच कारणानं ठाऊक असतो: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. कानडी मुलखातल्या राजाचं लक्ष मराठी बायकांच्या उखळाकडं गेलं होतं, हे मला त्याच्या सगळ्या बिरुदांपेक्षा मोठं वाटतं.

शेवटच्या भागात क्रीडांची यादी आहे. डोंगरावरची क्रीडा, वनातली, झोक्यावरची, पाण्यातली, हिरवळीवरची, वाळूतली, चांदण्यातली आणि उभ्या पिकातली. आजच्या पर्यटन खात्यांनी रंगीत पत्रकांवर छापावी अशी ही यादी. या गावात येऊन तिच्यातलं काय काय अजून जमतं हे बघावं, एवढ्याच बेतानं मी बसवकल्याणला मुक्काम ठेवला होता.

सुरुवात पाण्यापासून करावी. त्रिपुरांत तळं गावाला लागूनच आहे आणि सकाळी सहा ते आठ ही त्याची वेळ. फिरायला येणारे निवृत्त शिक्षक, पोहायला शिकणारी पोरं, कडेला धुणं आपटणाऱ्या बायका, म्हशी हे सगळं त्या दोन तासांत होऊन जातं. नंतर ऊन चढतं आणि तळं नुसतं बघायचं राहतं. पाण्याच्या कडेला गावाचा कचराही दिसतो. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तळ्याकडं पाठ फिरवलेलं गाव वेगळं आणि तळ्यावर वापर ठेवलेलं गाव वेगळं. बसवकल्याण अजून दुसऱ्या जातीत मोडतं.

तळ्याच्या एका कडेला दगडावर बसून एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा गळ टाकून होता. बांबूची काठी, तंगूस, आणि पाण्यावर खुणेला मोरपिसाच्या देठाचा बोटभर तुकडा. तो तुकडा उभा राहिला की मासा हुंगतोय, आडवा झाला की सोडून गेला, आणि गडप झाला की ओढायचं. शेजारी चहाच्या कागदी कपात पिवळट गोळ्या.

“कशाचं आहे रे हे?”

“कणीक हाय. अन् फुटाण्याचं पीठ. नुसत्या कणकीला येत नाय, वास लागतो त्यास्नी.”

“काय मिळतं?”

“चिलापी. मरळ घावली तर नशीब.” मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, “काका, सावली पाण्यावर पाडू नका.”

मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचं आख्खं प्रकरण आहे. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले मिळून तिसाहून जास्त मासे, त्यांची अंगकाठी, कुणाला खवले आहेत आणि कुणाला नाहीत, कोण समुद्रातून नदीत चढून येतो, कुणाला काय घालून पोसावं, हे सगळं त्यात आहे. भाताच्या, तिळाच्या, पिठाच्या गोळ्या आहेत. दोरी कशाची वळावी आणि काठी कशाची असावी, हेही आहे. राजाच्या हातात गळ देऊन त्याला पाण्याकाठी बसवणारं हे प्रकरण आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत दुर्मीळच. तो मुलगा हे पुस्तक वाचणार नाही, आणि त्याला गरजही नाही.

तळ्याच्या परिसरातच बाराव्या शतकातल्या दुसऱ्या एका कल्याणाच्या खुणा आहेत, आणि इथं येणाऱ्या बहुतेकांची पावलं त्यांच्याकडंच वळतात. सोमेश्वरानंतर काही दशकांतच चालुक्यांची सत्ता ढिली झाली आणि कलचुरी बिज्जळ गादीवर बसला. तो मूळचा मंगळवेढ्याचा. आपल्याला मंगळवेढं दामाजीपंतांचं आणि चोखोबांचं म्हणून ठाऊक; कानडी लोकांना ते बसवण्णांच्या, म्हणजे आपल्या बसवेश्वरांच्या, उमेदीच्या वर्षांचं म्हणून ठाऊक आहे. बिज्जळाबरोबर बसवण्णा कल्याणला आले, खजिन्याचे प्रमुख झाले आणि त्यांच्याभोवती शरणांचा, म्हणजे शिवभक्तांचा, मेळा जमला. त्यात धोबी होते, चांभार होते, नावाडी होते, राण्या होत्या. अध्यक्षपदी अल्लमप्रभू. अनुभवमंटप म्हणतात तो हाच. मग हरळय्या या चर्मकार शरणाच्या मुलाचं मधुवरस या ब्राह्मण मंत्र्याच्या मुलीशी लग्न ठरलं. बिज्जळानं दोन्ही बापांना देहदंड दिला, गावात दंगा उसळला, खुद्द बिज्जळ मारला गेला आणि शरण चहूकडं पांगले. हे ११६७च्या आसपासचं.

अक्क नागम्मांची गुंफा, बसवण्णा लोकांची गाऱ्हाणी ऐकत असं सांगतात तो परुषकट्टा, मडिवाळ माचय्यांचं कुंड, ही सगळी ठिकाणं चालत बघता येतात, आणि चालतच बघावीत. रिक्षावाला तासाभरात सगळं उरकून देतो, पण दोन ठिकाणांच्या मधली गल्ली त्याच्या दरात बसत नाही. तळ्याजवळचा अनुभवमंटप विसाव्या शतकातला. भालकीच्या मठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी तो उभा केला. निजामाच्या अमदानीत शाळेवर पाटी उर्दू लावून आत कानडी शिकवणारे हेच स्वामी. आता त्याहून कितीतरी मोठ्या नव्या अनुभवमंटपाची पायाभरणी २०२१च्या जानेवारीत झाली आहे. तो पुरा झाला की बसगाड्यांची रीघ लागेल. ज्यांना शांतपणे फिरायचं आहे त्यांनी फार वाट बघू नये.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. चालुक्यांच्या पायावर बहामनींनी आणि नंतरच्यांनी चढवत नेलेला हा कोट आहे. खंदक आहे, एकामागून एक दरवाजे आहेत, तोफा आहेत. १६५७ साली औरंगजेबानं आधी बिदर घेतलं आणि मग हा. आतल्या संग्रहालयात जैन मूर्ती मांडल्या आहेत, त्या मात्र सावकाश बघाव्यात. लिंगायत आणि मुसलमानी वारशाच्या गर्दीत कल्याणचा जैन काळ कुणाच्या ध्यानातच राहत नाही.

निजामाच्या राज्यात हे गाव नवाबांची जहागीर होतं. त्या नवाबांच्या हैदराबादेतल्या देवडीतून एक पदार्थ शहरभर पसरला: कल्याणी बिर्याणी. मांसाचे बारीक चौकोनी तुकडे, टोमॅटो, जिरं, धणे. केशराची ऐट नाही, म्हणून गरिबाची बिर्याणी. तिच्यात मांस बहुधा म्हशीचं असतं, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. नाव या गावाचं, नाव गाजलं ते मात्र हैदराबादच्या गल्ल्यांतून.

मग गावातलं खास काय? परगावी गेल्यावर ‘इथलं प्रसिद्ध काय?’ असं विचारलं की माणसं आपल्याला आवडेलसं वाटतं ते सांगतात, स्वतः खातात ते नाही. लॉजच्या व्यवस्थापकाला विचाराल तर तो नॉर्थ इंडियन थाळीच्या हॉटेलात धाडेल. त्यापेक्षा सकाळी अडत बाजाराकडं जावं आणि हमालांचा घोळका कुठल्या गाड्याभोवती आहे ते बघावं. मला तिथं सुशीला मिळाली: भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, वर डाळ्याची पूड, बाजूला तळलेली मिरची. लातूर-सोलापूरकडं हीच सुशीला, अलीकडं कानडी तोंडात सुसला. गाड्यावरच्या बाईंना मी ‘मावशी’ म्हटलं, शेजारच्या हमालानं ‘अक्का’ म्हटलं, आणि दोघांनाही तिनं सारखंच दटावलं, कारण प्लेट एकच शिल्लक होती.

दुपारचं जेवण खानावळीत घ्यावं. या भागात लिंगायत खानावळ ही एक भरवशाची संस्था आहे. पाटी साधी, बाकडी साधी. ताटात ज्वारीची पातळ भाकरी, मऊ हवी की कडक ते विचारून. कडक भाकरी पापडासारखी वाजते आणि आठवडाभर टिकते. सोबत भरली वांगी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी आणि तुरीचं वरण. वरणाकडं दुर्लक्ष करू नये. ही तूर कलबुर्गी-बिदरच्या काळ्या रानातली. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्यात तीच डाळ शिजवली की हे वरण का होत नाही, याचं उत्तर पाण्यात असावं असा माझा समज आहे. स्वयंपाक करणाऱ्या अक्कांच्या मते ते माझ्या कुकरमध्ये आहे.

सोमेश्वराचा अन्नभोग हा अध्याय मी या ताटाशी मनातल्या मनात जुळवून बघत होतो. तापल्या खापरावर भाजलेले मांडे त्यात आहेत, उडदाची इडलीसारखी एक चीज आहे, डोसक आहे, दह्यातले वडे आहेत. आणि शेतातले, नदीकाठचे काळे उंदीर कढत तेलातून काढून, साफ करून कसे रांधावेत, तेही आहे. सगळाच वारसा जपला पाहिजे असं नाही.

गावापासून जवळच नारायणपूरचं चालुक्यकालीन शिवमंदिर आहे. सायकल मिळाली तर सायकलनं जावं. वाट सपाट आहे, दोन्ही बाजूंना तूर आणि सोयाबीन. हुमनाबादच्या बाजूला जलसंगवीचं मंदिर आहे, तिथल्या भिंतीवरची एक मदनिका चुकवू नये. इतर मदनिका आरसा बघतात, काटा काढतात, पोपटाला खेळवतात. ही चक्क लिहिते आहे. पाठमोरी, कमरेत वळलेली, हातानं शिळेवर अक्षरं कोरणारी. त्या अक्षरांत विक्रमादित्याची स्तुती आहे. हा विक्रमादित्य १०७६ला गादीवर बसला आणि पन्नास वर्षं राहिला. थेट काश्मीरहून निघालेला बिल्हण कवी हिंडत हिंडत त्याच्या दरबारी येऊन स्थिरावला. विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ लिहिली तीही याच कल्याणात. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतः हक्क कसा, हे सांगणारी ती टीका इंग्रजांच्या कोर्टांनीही प्रमाण मानली. आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या अर्ध्या खटल्यांचं मूळ या तळ्याकाठी आहे म्हणायला हरकत नाही.

हुमनाबादेत आलात की माणिकनगर. माणिकप्रभूंचा जन्म १८१७च्या दत्तजयंतीचा, बालपण कल्याणातलं. पुढं दोन ओढ्यांच्या संगमावर त्यांनी बस्तान बसवलं, तेच आजचं संस्थान. त्यांनी पदं मराठीत, कानडीत, हिंदुस्थानीत रचली. कुठलाच पंथ परका मानला नाही, म्हणून संप्रदायाचं नावच सकलमत. मराठवाड्यातल्या घराघरांत ही पदं म्हटली जातात आणि म्हणणाऱ्यांपैकी कितीकांना हे ठिकाण कर्नाटकात आहे याचा पत्ता नसतो. दत्तजयंतीला इथं मोठा उत्सव असतो. ती तारीख लक्षात ठेवावी, कारण तिच्यानंतर पंधरा दिवसांनी या मुलखातला सगळ्यात मोठा रानातला सण येतो.

मार्गशीर्ष अमावास्या. लातूर-धाराशिवकडं तिला वेळा अमावास्या किंवा येळवस म्हणतात, बिदर-कलबुर्गीकडं एळ्ळमावस्या. सीमा कुठून काढली हे या दिवशी अजिबात कळत नाही. सकाळी दहानंतर गावात चिटपाखरू नसतं. डोक्यावर पाट्या, टमटममध्ये आज्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आख्खी आळी, सगळे रानात. ज्याला शेत नाही त्याला शेजारी नेतो, आणि परगावचा पाहुणा मिळाला तर त्याच्यावरून चढाओढ लागते. मला एका निवृत्त मास्तरांनी तळ्यावरच्या सकाळच्या फेरीत पकडलं. “एकटं जेवायचं असतंय व्हय आजच्या दिवशी?” एवढंच बोलून त्यांनी पत्ता न सांगता वेळ सांगितली.

रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप केलेली असते, वरून शाल किंवा साडी गुंडाळलेली. आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडलेले, मडक्यात आंबील. पूजा झाली की घरचा कर्ता आंबील शिंपडत शेताला फेरी घालतो आणि सगळे मिळून आरोळ्या देतात. त्या आरोळ्या लातूरच्या मराठी शिवारातही कानडीच असतात. म्हणणाऱ्याला अर्थ विचारला तर तो हसतो.

मग जेवण, आणि त्याचा राजा भज्जी. भजी नव्हे, भज्जी. तुरीचे कोवळे सोले, वाटाणा, वालाचे दाणे, ओला हरभरा, भुईमूग, गाजर, वांगी, चुका, पालक, मेथी, कांद्याची पात, रानात त्या घडीला हिरवं असेल ते सगळं. आदल्या रात्री घरातल्या बायका शेंगा सोलायला बसतात आणि पहाटेपर्यंत चूल थंड होत नाही. हे सगळं शिजवून घोटायचं, त्यात बेसन ताकात कालवून सोडायचं, चिंच, हिरवी मिरची, भरपूर लसूण. रंग शेवाळी, दिसायला काही खास नाही. पहिल्या घासाला आंबट लागते, दुसऱ्याला तिखट, तिसऱ्यापासून वेगळं काही कळत नाही आणि हात थांबत नाही. बाजरीचे उंडे किंवा तीळ लावलेली बाजरीची भाकरी कुस्करून तिच्यात बुडवायची. वर गव्हाची खीर. आणि मधेमधे आंबील: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं, जिरं-लसणाच्या वाटणाचं, मातीच्या बिंदग्यातून ओतून दिलेलं. मास्तरांच्या सूनबाई दर पाच मिनिटांनी भांडं घेऊन उभ्या. “नको” या शब्दाला त्या दिवशी कुठल्याच भाषेत किंमत नसते.

जेवल्यावर झाडाला झोके बांधलेले असतात. पोरं पतंग, म्हातारे पत्ते, बाकीचे सावलीत आडवे. झोक्यावरची क्रीडा, हिरवळीवरची क्रीडा, पिकातली क्रीडा. भूलोकमल्लाच्या यादीतल्या तीन खुणा एकाच दुपारी लागल्या. दिवस मावळताना गवताचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात आणि मग पाट्या रिकाम्या करून गाव परततं.

सणाचा योग नसेल तरी पाण्याची आणि रानाची ठिकाणं कमी नाहीत. हा भाग पाणलोटाच्या उंबऱ्यावर आहे. उत्तरेकडचं पाणी कारंजा आणि मांजरा नद्यांवाटे गोदावरीला जातं, दक्षिणेकडचं मुल्लामारी, कागिणा करत भीमेला, म्हणजे कृष्णेला. भालकी तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ कारंजा नदीवर मोठं धरण आहे. हिवाळ्यात पाणी ओसरू लागलं की कडेच्या दलदलीत पक्षी उतरतात. दुर्बीण असेल तर सकाळ तिथं घालवावी. बिदरच्या आसपासच्या माळांवर काळविटांचे कळप दिसतात, सकाळ-संध्याकाळ, रस्त्यावरूनसुद्धा. गाडीतून उतरून त्यांच्या मागं धावू नये. फोटोही नीट येत नाही आणि ते बिचारे तुरीच्या पिकात शिरून शेतकऱ्याच्या शिव्या खातात.

बिदर शहराचे मदरसे-महाल ज्यांना बघायचे त्यांनी जरूर बघावेत, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिथलं पाणी जास्त ओढतं. बिदरचं पठार तांबड्या जांभ्याचं आहे, आपल्या कोकणातल्यासारखंच. जांभा पाणी पितो, त्याखालचा काळा कातळ ते पुढं जाऊ देत नाही, आणि जिथं दोघांची सांध उघडी पडते तिथं झरा फुटतो. गुरुद्वारा नानक झिरा असाच एका झऱ्यावर उभा आहे. लंगरमध्ये कुणीही जेवावं. बहामनींनी याच सांध्यावर नौबादला कारेझ खोदली: जमिनीखालून उताराचा बोगदा आणि ठरावीक अंतरावर हवा-उजेडाची उभी विवरं, इराणी तंत्रानं. आणि झरणी नरसिंह. तिथं देवदर्शनाला बोगद्यातून छातीभर पाण्यात सुमारे तीनशे मीटर चालत जावं लागतं. वर छताला वटवाघळं, पुढं अनोळखी माणसाचा खांदा, मागं कुणाचं तरी लेकरू खांद्यावर बसून घंटेसाठी हात वर करतंय. सलिलक्रीडेत एवढी भक्ती सोमेश्वरालाही सुचली नसती. पाणी कमी-जास्त झालं की आत सोडत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करून जावं आणि बदलायला कपडे न्यावेत.

कलबुर्गीच्या अंगाला वळायचं असेल तर शहरातल्या अप्पा तलावापेक्षा चिंचोळीचं रान गाठावं. तलावाकाठी संध्याकाळी बाग, भेळ, गर्दी सगळं आहे, पण तसं कुठल्याही जिल्ह्याच्या गावी असतं. शहरात थांबायचं तर सकाळी मांसाहाऱ्यांनी तहारी खाऊन निघावं. चिंचोळीचं अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. सुमारे १३४ चौरस किलोमीटर, कोरड्या पानझडीचं. काळ्या रानांच्या या जिल्ह्यात डोंगर आणि दाट झाडी आहे, यावर तिथं पोचेपर्यंत विश्वास बसत नाही. आत चंद्रंपळ्ळीचं धरण आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर पाण्यात उतरलेले. लांडगा, तरस, चौशिंगा ही इथली मंडळी. दिसतीलच असं नाही, पण चिखलात पावलं असतात. वाटेत लमाणी तांडे लागतात. रानात वाटाड्या असावा आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नये. एकट्यानं, दुपारी, चपला घालून जाण्याचं हे ठिकाण नाही.

प्रवासाचं म्हणाल तर सोलापूर किंवा उमरग्याहून बसवकल्याणकडं जायला बस मिळते. रेल्वेनं यायचं तर हुमनाबाद. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ला सुरू झाल्यापासून ती सोय झाली आहे. एप्रिल-मे टाळावा. पठारावर बिदरला एक वेळ वारा तरी असतो, कलबुर्गीत सावलीसुद्धा भाजते. मार्गशीर्ष-पौषात आलात तर हुरडा आणि भज्जी, पावसाळा सरता सरता आलात तर या टेकड्यांवरची सीताफळं. रस्त्याकडेला पाट्या मांडून बसलेल्या बायका डोळा फुटलेलं फळ स्वतःच वेगळं काढून देतात: आज खायचं हे, घरी न्यायची ती. घरची टोपली बसच्या टपावर टाकू नये, मांडीवर घ्यावी. सस्तापूर बंगल्यापासून उमरग्यापर्यंतचे धक्के सीताफळाला सोसत नाहीत.